पिंपळे सौदागरला पुन्हा या

पुण्यातील विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल व व्यवस्थापनशास्त्र विभागांतील प्राध्यापक, संशोधक आणि पीएच.डी. करणाऱ्या सर्व मुलामुलींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी काही जणांसाठी मी काम केलं आहे. अहवालात अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात 'प्रशिक्षित अन्वेषकांमार्फत माहिती गोळा करण्यात आली' असं एक वाक्य असतं. त्या अन्वेषकांपैकी मी एक. बावीस वर्षं पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या कडेच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन फॉर्म भरते आहे. पूर्वी पॅडला लावलेलं कागदी शेड्यूल असायचं, आता टॅब असतो. बाकी काम तेच. दार वाजवायचं, ओळखपत्र दाखवायचं, "काही योजनेचं आहे का?" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं आणि तरीही बसायला जागा मिळवायची.

हे पत्र एका फॉर्ममुळे लिहिते आहे.

पिंपळे सौदागरच्या गावठाणात एका घरी गेले होते. सत्तरी ओलांडलेल्या आजी ओट्यावर बसल्या होत्या. कुटुंबाचा मुख्य व्यवसाय विचारला तर म्हणाल्या, "शेती." जमीन किती, असं विचारल्यावर हात वर करून म्हणाल्या, "ती काय, समोर." समोर बारा मजली इमारत उभी होती. जमीन वीसेक वर्षांपूर्वी बिल्डरकडे गेली. आज घर चालतं ते मागच्या अंगाला बांधलेल्या चौदा खोल्यांच्या भाड्यावर. खोल्यांत लातूर, नांदेड, बीडकडची बिऱ्हाडं आहेत आणि दोन खोल्यांत डिलिव्हरीचं काम करणारी पोरं.

आपले बहुतेक फॉर्म राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या संकेतांकांवर बेतलेले असतात, हे तुम्हाला सांगायला नको. आजींच्या मुलाला मी ९४ हा आकडा दिला. भाडं, पेन्शन किंवा बाहेरून येणारा पैसा यांवर जगणाऱ्यांचा तो संकेतांक. सुनेला दिला ९२, म्हणजे फक्त घरकाम. ही सून पहाटे साडेपाचला मोटर लावते, चौदा खोल्यांच्या टाक्या भरते, सबमीटर वाचून प्रत्येकाचं वीजबिल काढते, रिकामी झालेली खोली धुऊन काढते, नव्या भाडेकरूचं आधार कार्ड घेऊन पोलिसांकडे नोंद करते आणि भाडं थकलं की दारात जाऊन उभी राहते. त्या घरात चौदा खोल्यांचा धंदा चालतो, तो चालवणारी दोन माणसं आहेत, आणि माझ्या फॉर्मनुसार त्या घरात काम करणारं कोणीच नाही.

फॉर्म बॅकचेकमध्ये, म्हणजे फेरतपासणीत, बरोबर ठरला. सूचनांप्रमाणे तो बरोबरच होता.

उठताना आजींनी विचारलं, "मागंही अशीच एक पोरगी लिहून घेऊन गेली होती. त्याचं पुढं काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही. ती मागची पोरगी कदाचित मीच असेन.

आता मी हे सगळं पिंपळे सौदागरचंच का सांगते आहे? तुमच्यापैकी अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांना हे नाव पाठ आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली दख्खनच्या एका खेड्यातल्या जमिनीचा आणि श्रमाचा जो अभ्यास छापला, ते खेडं हेच. मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी गावाची माती तपासली, विहिरी पाहिल्या, जुनी दप्तरं काढली आणि घराघराचा जमाखर्च मांडला. सहकाऱ्यांची नावं त्या पुस्तकावर आहेत. मला याचं विशेष वाटतं, आणि का वाटतं ते तुम्हाला कळेल.

त्यांनी काढलेले आकडे आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. १७७१ साली या गावात जमिनीचं सरासरी खातं ४० एकरांचं होतं. १८१८ मध्ये ते साडेसतरा एकरांवर आलं आणि १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर. १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे झाले होते. १०३ कुटुंबांचा ताळा घातला तेव्हा सुमारे दोनतृतीयांश कुटुंबांचं शेती आणि बाहेरची मजुरी मिळूनही भागत नव्हतं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आणि गावापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. म्हणजे शहर आणि कारखाना या गावाच्या घरखर्चात शंभर वर्षांपूर्वीच शिरले होते. 'खेडं' म्हणून ज्याचा अभ्यास झाला ते तेव्हाही निव्वळ खेडं नव्हतं.

पुढे तिथे फेरपाहणीही झाली. दिस्कळकरांचा तो अभ्यास इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल इकॉनॉमिक्सने १९६० मध्ये प्रसिद्ध केला. पण या गावात खरी उलथापालथ झाली ती त्यानंतर. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्येच आली होती. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, मग हिंजवडीला आयटी पार्क आलं. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड दहा लाखांचं होतं, २०११ मध्ये सतरा लाखांच्या वर गेलं. मान यांच्यापुढे सातबाऱ्याचा प्रश्न होता, माझ्यापुढे भाडेकराराचा आहे.

एक गोष्ट मला राहून राहून अचंब्यात टाकते. मान यांच्या काळात जमिनीचा तुकडा पडणं ही गरिबीची खूण होती. तुकडे रोखावेत म्हणून १९४७ मध्ये मुंबई प्रांताने तुकडेबंदीचा कायदा केला. आणि आमच्या डोळ्यांदेखत तुकडा जितका लहान तितका त्याचा भाव चढा, असं झालं. एकराऐवजी गुंठा, गुंठ्याऐवजी १,०८९ चौरस फूट. गावोगाव 'गुंठामंत्री' हा शब्द तयार झाला. २०२५ मध्ये सरकारने शहरी भागांतल्या गुंठ्याच्या व्यवहारांना मोकळीक देण्याची घोषणा केली. तुकडेकरणाचा मूळ अभ्यास ज्या गावात झाला, त्याच गावात ही पूर्ण फिरलेली गोष्ट तपासता येते. अशी संधी कुठल्या शहराला मिळते?

पुण्याला तर परत जाऊन पाहण्याची सवय होती. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळांच्या देखरेखीखाली तिचं अगदी सुरुवातीचं प्रकाशन निघालं ते पुण्याच्या फळबाजारावर, १९३३ मध्ये. फळ बागेतून निघून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत मध्ये किती हात लागतात आणि प्रत्येक हातात काय उरतं, हा विषय त्या काळी विद्वानांना लहान वाटला नाही. मग त्यांनी अख्ख्या पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आला, दुसरा १९५२ मध्ये. आणि संस्था तिथे थांबली नाही. सोवनी, आपटे, पेंडसे यांनी शहराची फेरपाहणी करून रोजगार आणि कमाई कशी बदलली ते १९५६ मध्ये मांडलं. इरावती कर्वे आणि रणदिवे यांनी असंच वाढत्या फलटण गावाकडे आणि त्याच्या भोवतालाकडे पाहिलं. गाव शहर होताना नेमकं काय होतं, हा प्रश्न इथल्या माणसांनी इथेच, पायी फिरून विचारला होता.

तुम्ही आता ज्या परिस्थितीत काम करता ती मला माहीत आहे. प्रकल्प दोन-तीन वर्षांचा, निधी देणाऱ्याचा विषय आधीच ठरलेला, नमुना दर वेळी नवा. ज्या घरी एकदा गेलो तिथे पुन्हा जायची तरतूद अंदाजपत्रकात नसते. फॉर्ममागे पैसे मिळत असल्याने पंचेचाळीस मिनिटांचा फॉर्म पंचवीस मिनिटांत उरकावा, असा मोह आमच्यातल्या प्रत्येकीला होतो. मलाही झाला आहे. आजींच्या घरी 'शेती' हे उत्तर लिहून पुढच्या दाराला गेले असते तर कुणी मला दोष दिला नसता.

उपग्रहाच्या चित्रांवर आणि मोबाइलच्या नोंदींवर आता पुष्कळ काम होतं. ते व्हावं. शहर कुठल्या दिशेला किती पसरलं, हे चालून सांगता येत नाही. पण एका पत्र्याखाली किती चुली आहेत आणि त्या कुणाच्या, हे वरून दिसत नाही. आणि जे खालून दिसतं तेही आपण विचारतोच असं नाही.

उदाहरणच सांगते. बहिणींच्या सह्या.

जमीन बिल्डरला द्यायची तर सातबाऱ्यावर आणि वारसांत ज्यांची नावं, त्या सर्वांच्या सह्या लागतात. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला, केंद्राचा कायदा २००५ मध्ये दुरुस्त झाला. पुण्याभोवतीच्या जमिनींचे भाव नेमके याच वर्षांमध्ये चढले. म्हणजे कायद्याने वाटा मिळण्याचा काळ आणि वाट्याला मोल येण्याचा काळ एकच. अशा वेळी घराघरांत काय झालं? मी दोनशेहून अधिक घरांत बायकांशी बोलले असेन. हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, हा शब्द निघाला की आवाज खाली येतो. कुणी सांगते, भावाने साडी-चोळी केली आणि सही घेतली. कुणी सांगते, माहेर तुटू नये म्हणून आपणहून दिली. एकीने सही दिली नाही, तर तिला दिवाळीला बोलावणं आलं नाही, पुढे कधीच आलं नाही. आणि एका घरी चार बहिणींना समान फ्लॅट मिळालेले मी पाहिले, भाऊ अभिमानाने सांगत होता. हे सगळं या शहराच्या वाढीचं भांडवल आहे. इमारतींखाली काँक्रीट आहे तसं या सह्याही आहेत. मी आजवर भरलेल्या कुठल्याही फॉर्ममध्ये हा प्रश्न नव्हता.

दुय्यम निबंधक कार्यालयांत हक्कसोडपत्रांची नोंदणी होते. ज्या गावांच्या जमिनी गेल्या, त्या गावांपुरती तरी ती वर्षवार मोजून पाहा. मग घरी जाऊन बोला. एकट्या कागदाने किंवा एकट्या मुलाखतीने ही गोष्ट उलगडणार नाही.

मगरपट्ट्याचं उदाहरण मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. हडपसरच्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन विकण्याऐवजी एकत्र करून तिथे शहर उभारलं. ते शिकवण्यासारखं आहेच. पण त्याच काळात ज्यांनी गुंठ्या-गुंठ्याने विकलं, ज्यांच्या पैशाच्या गाड्या आल्या आणि गेल्या, ज्यांची पोरं आज त्याच जमिनीवरच्या सोसायटीत सिक्युरिटीला उभी आहेत, त्यांच्यावर एखादं प्रकरण तरी लिहायला हवं. त्यांची संख्या जास्त आहे.

आता गेटच्या आतलं. सँपलमध्ये मोठ्या सोसायटीचा ब्लॉक आला की आम्हा बायकांच्या पोटात गोळा येतो. सिक्युरिटीवाला टॅबवर फ्लॅट नंबर टाकतो, वरून नकार येतो, आम्ही 'घर बंद' किंवा 'नकार' लिहून बदली घर घेतो. बदली घर बहुतेक वेळा गेटच्या बाहेरचं निघतं. असे पाच ब्लॉक झाले की तुमच्या तक्त्यात या भागाचं सरासरी उत्पन्न उतरतं आणि विषमता कमी दिसते. हे मी सुपरवायझरला सांगितलं आहे. त्यानेही वर सांगितलं असेल.

पण त्याच गेटवर दुसरी मोजणी चोख चाललेली असते. घरकाम करणाऱ्या मावशी आत शिरताना अ‍ॅपवर कोड टाकतात. त्या किती वाजता आल्या, किती घरी गेल्या, किती वाजता बाहेर पडल्या, सगळं नोंदलं जातं. डिलिव्हरीच्या पोरांची प्रत्येक मिनिटाची नोंद त्यांच्या कंपनीकडे असते. या शहरातल्या श्रमाची इतकी बारीक नोंद मान यांच्याकडे नव्हती, गाडगीळांकडे नव्हती, तुमच्याकडेही नाही. ती खासगी कंपन्यांकडे आहे, आणि ज्या बाईच्या पावलांची ती नोंद आहे तिला स्वतःला ती पाहता येत नाही. देशात गिग कामगार, म्हणजे पगारी नोकरीऐवजी कामामागे पैसे मिळवणारे, किती, याचं उत्तर म्हणून नीती आयोगाचा २०२२ चा आकडा सगळीकडे दिला जातो. २०२०-२१ मध्ये ७७ लाख, २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख. तो अंदाज आहे, कुणी दारोदार जाऊन केलेली मोजणी नव्हे. आजींच्या दोन खोल्यांतली सहा पोरं त्यात आहेत की नाहीत, हे मला माहीत नाही. त्यांच्यातला एक जण उदगीरजवळच्या गावात दीड एकर शेती करणाऱ्या बापाला पैसे पाठवतो. पिंपळे सौदागरची शेती संपली असं आपण लिहितो, तेव्हा या खोल्यांमधून तिकडची शेती तगून आहे, हेही लिहायला हवं. धंदा, शहर आणि खेडं हे तीन वेगळे विभाग तुमच्या इमारतींमध्ये आहेत, इथे ते एकाच पत्र्याखाली झोपतात.

आजींच्या प्रश्नाकडे येते. त्याचं पुढं काय झालं?

बहुधा इंग्रजीत एक शोधनिबंध झाला असेल, ज्याला वाचायला पैसे पडतात. मी तुम्हाला दोष देत नाही. पदोन्नतीसाठी कशाचे गुण धरले जातात ते मला कळतं. पण इथेही दुसरी वाट दिसलेली आहे. गाडगीळांच्या कन्या सुलभा ब्रह्मे याच गोखले संस्थेत संशोधन करत होत्या. पानशेतच्या पुरानंतर पुण्यातल्या पूरग्रस्तांचं काय झालं, याचा अभ्यास त्यांनी प्रकाश गोळे यांच्याबरोबर केला. पुढे शंकर ब्रह्मे समाजविज्ञान ग्रंथालयाच्या माध्यमातून त्या मराठीत पुस्तिका काढत राहिल्या, ज्या चळवळीतला कार्यकर्ता विकत घेऊ शकेल आणि एका बैठकीत वाचू शकेल. मराठी अर्थशास्त्र परिषदेचं 'अर्थसंवाद' आहे. समाज प्रबोधन पत्रिका आहे. जागा आहेत.

मी मागते ते फार मोठं नाही. प्रत्येक अभ्यासाच्या शेवटी, ज्या वस्तीत फॉर्म भरले त्या वस्तीसाठी मराठीत चार पानं. किती घरं पाहिली, काय आढळलं, काय कळलं नाही. ती देवळाच्या किंवा बुद्धविहाराच्या सभागृहात वाचून दाखवा आणि लोकांना चुका काढू द्या. मला खात्री आहे, चौदा खोल्यांची सून ते ९२ खोडून टाकायला लावेल. आणि अंदाजपत्रकात त्या वाचनाचा खर्च आधीच धरा, म्हणजे शेवटी पैसे संपले असं होणार नाही.

हे आत्ताच का, असं विचाराल. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. आपण अजून २०११ च्या आकड्यांवर नमुने काढतो आणि नमुन्यावरून एकूण संख्या काढताना भारही त्यांवरच लावतो. आता नव्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, तिच्यात जातही नोंदली जाणार आहे. ते आकडे हाती येतील तेव्हा सगळे त्यांच्याकडे धावतील. त्याच सुमारास एका जागेची खोल, घरोघर, जुन्या अभ्यासांशी ताडून पाहता येईल अशी पाहणी झालेली असेल, तर जनगणनेच्या आकड्याला अर्थ लागेल. मान यांचं गाव त्यासाठी तयार आहे. जुन्या खात्यांच्या नोंदी आहेत, १९६० चं पुस्तक आहे, आणि जमीन होती तेव्हाची माणसं अजून आहेत. शेवटची बाब फार वर्षं खरी राहणार नाही.

तुम्ही ठरवलंत तर मला कळवा. टीममध्ये गावठाणातल्याच दोन मुली घ्या, दोघी पदवीधर आहेत. आणि पुस्तकावर अन्वेषकांची नावं घाला, १९१७ सारखी.

वेळा लिहून ठेवा. सुना सकाळी नऊपर्यंत बोलणार नाहीत, मोटर आणि डबे असतात. साडेअकरानंतर जा. घरकाम करणाऱ्या मावशी दुपारी दोन ते चार खोलीवर भेटतात. डिलिव्हरीची पोरं चार ते सहाच्या मंदीत चौकातल्या झाडाखाली गाड्या लावून बसलेली असतात, तिथे उभ्या-उभ्या नका बोलू, चहा सांगा. बहिणींशी बोलायचं असेल तर त्यांच्या सासरी जावं लागेल, माहेरच्या ओट्यावर त्या खरं सांगणार नाहीत. वाकड, रहाटणी, सांगवी, काही मुळशीत.

आजी दिवसभर ओट्यावरच असतात. त्यांच्याकडे आधी जा.

आपली,
एक अन्वेषक
पिंपरी-चिंचवड